गाडी किती देते?

"बोलेरो पिकअप घेऊ की छोटा हाथी? जास्त कोणती देते?"

थळपासून श्रीवर्धनपर्यंत रायगडच्या किनाऱ्यावर माल नेणारी गाडी घ्यायला निघालेला माणूस पहिल्यांदा हाच प्रश्न विचारतो. मग तो आक्षी-साखरचा मासळीवाला असो, नागावचा नारळ-सुपारीचा बागायतदार असो की पांढरा कांदा आणि कलिंगडे मुंबईला पाठवणारा शेतकरी. त्यावर कोणी "सोळा देते" म्हणतो, कोणी "अठरा", आणि एखादा "माझी तर बावीस देते" म्हणून सगळ्यांना गप्प करतो. तिघेही खरे बोलत असतील. तरीही या उत्तरांवरून गाडी निवडू नये, कारण बावीस देणारी गाडी महिनाअखेर जास्त डिझेल खाऊ शकते. हे कसे होते, ते पाहू.

१. मैदानात कोण कोण आहे?

टाटा एस, म्हणजे आपला छोटा हाथी, २००५ साली बाजारात आला. पहिल्या एसचे इंजिन अवघे ७०२ सीसीचे, दोन सिलिंडरचे, साधारण १६ हॉर्सपॉवरचे होते. पाऊण टन माल आणि बोळातही वळेल एवढे अंग, यामुळे तीनचाकी टेम्पोवाल्यांनी तो उचलून धरला.

त्याच्या वरच्या गटात महिंद्राची बोलेरो पिकअप येते. तिचे इंजिन २५२३ सीसी, चार सिलिंडर, ७५ हॉर्सपॉवरच्या आसपास, आणि टॉर्क सुमारे २०० न्यूटन-मीटर. पासिंग, म्हणजे नेण्याची परवानगी असलेला माल, सव्वा-दीड टनापासून १.७ टनापर्यंत मिळते. २०११ मध्ये आलेली अशोक लेलँडची दोस्त या दोघींच्या मधली आहे. तिला तीन सिलिंडरचे १४७८ सीसीचे इंजिन आणि पासिंग सव्वा टनाचे. २०२२ मध्ये टाटांनी योद्धा २.० आणली, तेव्हा पिकअपचे पासिंग दोन टनांपर्यंत गेले आणि हॉर्सपॉवर शंभरापर्यंत.

सोळा हॉर्सपॉवर आणि शंभर हॉर्सपॉवर, आणि दोघांच्या हौद्यात तीच मासळी. या आकड्यांचा अर्थ आधी लावून घेऊ.

२. टॉर्क वेगळा, पॉवर वेगळी

शोरूममधला पोरगा हे दोन शब्द एका दमात म्हणून टाकतो. पण ते एक नव्हेत.

विहिरीवरच्या रहाटाने पाणी काढताना दोराला जी ओढ द्यावी लागते, ती टॉर्कसारखी समजा. मिनिटाला किती पाणी वर येते, ती पॉवर. मोठी कळशी लावून सावकाश ओढणारा आणि लहान लोटा लावून भराभर ओढणारा, दोघे मिनिटाला सारखेच पाणी काढू शकतात. त्यांची पॉवर सारखी, ओढ मात्र वेगळी. डिझेल इंजिन मोठी कळशी ओढणाऱ्या गड्यासारखे आहे. कमी फेऱ्यांत ते जास्त ओढ देते. पेट्रोल इंजिनाला त्याच ताकदीसाठी बहुधा जास्त फेरे घ्यावे लागतात.

म्हणून पिकअपचा टॉर्क किती, एवढेच विचारू नका. तो किती आरपीएमला, म्हणजे मिनिटाला किती फेऱ्यांना, मिळतो हेही विचारा. बोलेरो पिकअपचे २०० न्यूटन-मीटर साधारण १४०० आरपीएमपासूनच हाती येतात. हिशेब केला तर १४०० आरपीएमला ही गाडी सुमारे ४० हॉर्सपॉवर देते. चढावर इंजिन फार न किंचाळता गाडी उठते ती यामुळे. कमाल हॉर्सपॉवरचा मोठा आकडा इंजिन जोरात फिरवल्यावर मिळतो, आणि माल भरलेली गाडी कोणी तशी रोज पळवत नाही.

३. डिझेल जाते कुठे?

एक लिटर डिझेलमध्ये सुमारे ३६ मेगाज्यूल ऊर्जा असते. मेगाज्यूल हे ऊर्जेचे माप. एक टन वजन सुमारे १०२ मीटर उचलायला एक मेगाज्यूल लागतो. या ३६ पैकी बरीचशी ऊर्जा रेडिएटर आणि सायलेन्सरमधून उष्णता होऊन निघून जाते. चाकांपर्यंत पोहोचते ती पाव ते एक तृतीयांश. आपण सोयीसाठी धरू की लिटरमागे १० मेगाज्यूल चाकांना मिळतात. गिऱ्हाइके चार आहेत, आणि ही ऊर्जा त्यांच्यात वाटली जाते.

पहिले गिऱ्हाईक टायर. टायर जमिनीला टेकतो तिथे दबतो, पुढे गेल्यावर पुन्हा फुगतो, आणि या दबण्या-फुगण्यात ऊर्जा जाते. वजन दुप्पट झाले की हा खर्चही जवळजवळ दुप्पट होतो. मालासकट तीन टनांच्या पिकअपला सपाट डांबरी रस्त्यावर यासाठी किलोमीटरमागे साधारण ०.३५ मेगाज्यूल लागतात. हवा कमी असेल तर त्याहून जास्त.

दुसरे गिऱ्हाईक वारा. त्याला वजनाचे सोयरसुतक नाही, त्याला फक्त वेग आणि आकार कळतो. वेग दुप्पट केला की वाऱ्याचा अडथळा चौपट होतो. पिकअपसारख्या चौकोनी गाडीला ताशी ६० किलोमीटरला हा खर्च किलोमीटरमागे सुमारे ०.२५ मेगाज्यूल, तर ८० ला ०.४५ च्या घरात. दोन्ही गिऱ्हाइकांची बेरीज करा. साठला ०.६, ऐंशीला ०.८. लिटरमागे १० मेगाज्यूल या हिशेबाने साठच्या संथ वेगाला गाडी सोळा-सतरा देईल, ऐंशीला साडेबारा. गाडी तीच, ड्रायव्हर तोच, रस्ता तोच, फरक फक्त उजव्या पायाचा. हौद्यावर उंच ताडपत्री फडफडत असेल तर आणखी कमी.

तिसरे गिऱ्हाईक ब्रेक, आणि किनाऱ्यावरच्या गाडीवाल्याला सर्वांत महाग तेच पडते. तीन टनांची गाडी ताशी ५० च्या वेगात असताना तिच्या अंगात सुमारे ०.२९ मेगाज्यूल साठलेले असतात. गतिरोधक आला, ब्रेक मारून वेग दहावर आणला, की ते जवळजवळ सगळे ब्रेकच्या पाट्यांत तापून जातात. पुन्हा ५० गाठायला तेवढेच परत घालावे लागतात, म्हणजे दर वेळी सुमारे २८ मिलिलिटर डिझेल. एका फेरीत असे पन्नास गतिरोधक आणि खड्डे धरले तर जवळपास १.४ लिटर, आणि गाडी त्यात एक मीटरही जास्त पुढे गेलेली नसते. मुंबई-गोवा महामार्गाच्या पळस्पे ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या टप्प्याचे चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झाले आणि वर्षानुवर्षे रखडले. त्या काळात वडखळ-नागोठणे पट्ट्यात ज्यांनी गाडी चालवली, त्यांना कंपनीने सांगितलेले अ‍ॅव्हरेज का मिळाले नाही, याचे मोठे कारण हे. दोष इंजिनाचा नव्हता.

इथेच कंपनीच्या आकड्याचाही उलगडा होतो. भारतात गाड्यांच्या अधिकृत चाचण्या करणाऱ्या प्रमुख संस्थांपैकी एक म्हणजे पुण्याची एआरएआय. अशा चाचणीत गाडी रोलरवर उभी करतात आणि ठरवून दिलेल्या वेळापत्रकाप्रमाणे वेग कमी-जास्त करत चालवतात. सर्व गाड्यांना एकच परीक्षा असल्यामुळे दोन गाड्यांची तुलना करायला तो आकडा उपयोगी पडतो. पण रोलरवर खड्डा नसतो, वडखळ नाक्याची रांग नसते आणि बर्फाचे पाणी गळत नसते.

चौथे गिऱ्हाईक चढ. त्याला वेगळा विभाग द्यायला हवा.

४. घाटाचा हिशेब

अलिबागहून मुंबईला जाताना कार्लेखिंडीचा चढ लागतो. तो फार नाही. खरी परीक्षा माल पुण्याला न्यायचा असेल तेव्हा होते. खोपोलीहून खंडाळ्याला चढा किंवा माणगावहून ताम्हिणी घाट धरा, सह्याद्री चुकत नाही.

खोपोली ते खंडाळा उंचीचा फरक सुमारे ५०० मीटर आहे. तीन टनांची भरलेली पिकअप एवढी उचलायला सुमारे १४.७ मेगाज्यूल लागतात, म्हणजे निव्वळ उंचीसाठी दीड लिटर डिझेल. टायर आणि वारा यांचा खर्च वेगळा. हीच गाडी रिकामी, १.७ टनांची असेल तर ०.८ लिटर पुरते. घाटात वजनाची किंमत अशी रोख मोजावी लागते.

आता ताकदीचे बघू. पंधरा मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर नेणारा चढ आहे असे धरा. तीन टनांची पिकअप त्यावर ताशी ३० ने चढवायला इंजिनाकडून सुमारे ३० हॉर्सपॉवर हवेत. बोलेरोकडे ते १४०० आरपीएमलाच आहेत, वर शिल्लकही उरते. पहिला छोटा हाथी मालासकट दीड टनाच्या वर भरतो. त्याचे सोळाच्या सोळा हॉर्सपॉवर लावले तर त्याच चढावर तो कागदी हिशेबाने ताशी २८-३० पर्यंत पोचतो. शिल्लक शून्य. जास्त माल भरला किंवा पुढच्या ट्रकने वेग तोडला की पहिला गिअर, आणि मागे हॉर्नची रांग. छोटा हाथी घाट चढत नाही असे कोणी म्हणू नये, तो चढतो. पण रोज पुणे करणाऱ्याने तो घ्यावा, असे मी सांगणार नाही.

घाट उतरतानाची एक सवय इथेच मोडून काढू. गाडी न्यूट्रल करून सोडली की डिझेल वाचते, असे जुने ड्रायव्हर सांगतात. आजच्या कॉमन रेल इंजिनांत उतारावर गाडी गिअरमध्ये ठेवून पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढला की इंधनाचा पुरवठा बंद होतो. चाकेच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल जळतच राहते, आणि तीन टनांचा सगळा भार एकट्या ब्रेकवर येतो. वाचत तर काही नाहीच, ब्रेक तापून निकामी होण्याचा धोका मात्र वाढतो.

५. चारशे हॉर्सपॉवरची पिकअप

अमेरिकेतल्या भाच्याने फोर्ड एफ-१५० समोर उभे राहून काढलेला फोटो पाठवला की आपली पिकअप खेळण्यातली वाटू लागते. १९७७ पासून फोर्डची एफ मालिका ही अमेरिकेत सर्वाधिक खपणारी पिकअप आहे. तिच्या साडेतीन लिटरच्या टर्बो पेट्रोल इंजिनाची ताकद सुमारे ४०० हॉर्सपॉवर, टॉर्क ६७८ न्यूटन-मीटर. आपल्या बोलेरोच्या पाचपट ताकद!

हौद्यात माल किती? बहुतेक एफ-१५० गाड्यांचे पासिंग, आत बसलेली माणसे धरून, पाऊण ते एक टनाच्या आसपास असते. खास बांधणीच्या काही गाड्या दीड टनापर्यंत जातात. म्हणजे ७५ हॉर्सपॉवरची आपली पिकअप चारशेच्या गाडीइतका, अनेकदा जास्त, माल पाठीवर घेते. मग बाकीची ताकद कशासाठी? एक तर मागे ट्रेलर ओढायला. योग्य बांधणीची एफ-१५० सहा टनांहून जास्त वजन ओढते. आणि दुसरे म्हणजे, सरळ सांगायचे तर, हौसेसाठी. अमेरिकेत ही बऱ्याच घरांत मुलांना शाळेत सोडणारी गाडी आहे.

ताशी ११० च्या वेगाने सपाट रस्त्यावर रिकामी धावताना अशा गाडीला पन्नासएक हॉर्सपॉवर पुरतात. उरलेली साडेतीनशे नुसती बरोबर प्रवास करतात, आणि हा प्रवास फुकट नसतो. मोठे पेट्रोल इंजिन अगदी हलक्या कामाला लावले की त्याची कार्यक्षमता घसरते. यावर अमेरिकी कंपन्यांनी तीन उपाय काढले. फोर्डने इंजिन लहान करून त्याला टर्बो जोडला. टर्बो म्हणजे धुराच्या जोराने फिरणारा पंखा, जो सिलिंडरमध्ये जास्त हवा कोंबतो आणि लहान इंजिनाला गरजेपुरते मोठे करतो. शेव्हर्ले सिल्व्हराडोने गरज नसेल तेव्हा आठपैकी काही सिलिंडर झोपवायला सुरुवात केली. आणि २०१५ च्या मॉडेलात फोर्डने एफ-१५० ची बॉडी अ‍ॅल्युमिनियमची करून तीनशे किलोपर्यंत वजन उतरवले.

एवढे करून आकडा काय? तिथे मैल प्रति गॅलन मोजतात. शहर आणि महामार्ग मिळून वीसच्या आसपास, म्हणजे लिटरला साडेआठ किलोमीटर, तेही माल न भरता. आणखी एक गंमत. साधारण ३.९ टनांहून अधिक एकूण वजनाच्या पिकअपवर अमेरिकेत अ‍ॅव्हरेजची सरकारी पट्टी लावणे बंधनकारकच नाही. सर्वांत जास्त इंधन पिणाऱ्या गाडीलाच आकडा सांगावा लागत नाही!

६. बावीसवाली हरते कधी?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. पुढचे आकडे उदाहरणासाठी धरलेले आहेत, तिथे स्वतःचे घाला.

लहान गाडी भरलेली १७ देते, रिकामी २०. मोठी पिकअप भरलेली ११, रिकामी १४. अलिबाग ते मुंबई सुमारे १०० किलोमीटर, परत येताना गाडी रिकामी.

माल दीड टन आहे. मोठी पिकअप एका फेरीत नेईल. जाताना ९.१ लिटर, येताना ७.१, एकूण १६.२. लहान गाडीला दोन फेऱ्या लागतील आणि एकूण २१.८ लिटर डिझेल. वर दुप्पट वेळ, दुप्पट टोल, दुप्पट ड्रायव्हर. जास्त अ‍ॅव्हरेजवाली हरली.

माल सहाशे किलो आहे. लहान गाडी जाऊन-येऊन साडेदहा लिटरच्या आसपास घेईल, मोठी १४.८, कारण तिला स्वतःचेच अंग ओढायचे असते. आता लहान गाडी जिंकली.

म्हणून विचारायचे ते असे, की एक टन माल पोचवायला किती लिटर लागले. परतीला रिकामी न येता किराणा, सिमेंट किंवा फर्निचर घेऊन आलात, तर तोच आकडा झपाट्याने सुधारतो. परतीचे भाडे मिळवून देणारा एक ओळखीचा ट्रान्स्पोर्टवाला कोणत्याही टर्बोपेक्षा जास्त डिझेल वाचवतो.

मासळीवाल्यांसाठी यात एक पोटहिशेब आहे. उष्ण हवेत मासळीइतकाच बर्फ, एकास एक, असे प्रमाण सर्वसाधारणपणे धरतात. म्हणजे १३०० किलोच्या पासिंगमध्ये विकाऊ माल ६५० किलो आणि उरलेले वाटेत पाणी होणारे ओझे. उघड्या टपांऐवजी चांगले इन्सुलेटेड बॉक्स वापरले तर बर्फ कमी लागतो, आणि तेवढ्याच डिझेलमध्ये पापलेट-सुरमई जास्त जाते. नवी गाडी घेण्याआधी नवे बॉक्स घ्या, हा सल्ला कुठल्याच शोरूममध्ये मिळणार नाही. शिवाय बॉक्समधून खारे पाणी गळत नाही. ते गळले की चॅसी आणि पाटे गंजतात, आणि दुरुस्तीचा तो खर्च अ‍ॅव्हरेजच्या कुठल्याच आकड्यात दिसत नाही.

कमी आकड्यांच्या टोकाला फरक मोठा असतो, हेही लक्षात ठेवा. ८ देणारी गाडी १० देऊ लागली तर हजार किलोमीटरला २५ लिटर वाचतात. १६ देणारी २० देऊ लागली तर फक्त साडेबारा. ज्यांच्याकडे दोन गाड्या आहेत, त्यांनी जास्त पिणारीची आधी दुरुस्ती करावी.

७. सीएनजी आणि काजळी

सीएनजीवाला म्हणतो, माझी किलोला वीस देते. डिझेलवाला म्हणतो, माझी लिटरला पंधरा. ही तुलना कच्ची आहे. एक किलो सीएनजीत सुमारे ४८ मेगाज्यूल असतात, एका लिटर डिझेलमध्ये ३६. दोघांनी किलोमीटरमागे रुपये काढून मगच बोलावे. सीएनजीच्या टाक्यांचे वजन पासिंगमधून जाते आणि कमी फेऱ्यांत मिळणारी ओढ बहुधा डिझेलपेक्षा कमी असते. सपाटीवर, गावाजवळ पंप असेल, तर सीएनजी फायद्याचा. श्रीवर्धन-दिवेआगरकडून घाट ओलांडणाऱ्याने वाटेतले पंप मोजूनच निर्णय घ्यावा.

डिझेलचीही एक अडचण आहे. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ नियमांमुळे नव्या डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो. ही काजळी जळून जायला इंजिन नीट तापलेले आणि गाडी काही काळ सलग धावलेली हवी. दिवसभर बंदर ते बर्फाचा कारखाना अशा दोन-तीन किलोमीटरच्या चकरा मारणाऱ्या गाडीत तो तुंबतो. असे काम असेल तर आठवड्यातून एकदा तरी लांबची फेरी करावी, नाहीतर डिझेलचा नाद सोडावा.

८. आपल्या गाडीचा खरा आकडा

पंपावर नोझल आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरा. किलोमीटर लिहून ठेवा. निदान तीन-चारशे किलोमीटर नेहमीसारखी गाडी चालवा आणि त्याच पंपावर, शक्य तर त्याच नोझलने, पुन्हा तशीच भरा. ३६० किलोमीटर झाले आणि ३० लिटर बसले, तर अ‍ॅव्हरेज १२. दोनशे रुपयांचे डिझेल टाकून काटा बघत काढलेला आकडा चहाच्या टपरीपुरता ठीक आहे. त्यावर कर्ज काढू नये. शेजारीच तेवढ्या फेऱ्यांत किती किलो माल नेला, तेही लिहा.

गाडी घ्यायची असेल, तर आधी एक महिना ही वही भाड्याच्या टेम्पोवर चालवा. रोजचा माल सात-आठशे किलोच्या आत आणि धाव अलिबाग, पेण, पनवेलपर्यंतची असेल, तर लहान गाडी घ्या. नेहमीचा माल टनाच्या वर जात असेल किंवा आठवड्यातून दोनदा घाट चढायचा असेल, तर पिकअप घ्या आणि तिच्या बाराच्या अ‍ॅव्हरेजची लाज बाळगू नका. आंब्याच्या दोन महिन्यांसाठी बारा महिने मोठी गाडी पोसू नका, तेवढ्यापुरती ती भाड्याने मिळते.